वरचा थर

"वरच्या थराला, बालाजी हालगे!"

खराडे सरांना माईक कधी लागलाच नाही. त्यांचा आवाज शाळेच्या मैदानावरून थेट एसटी स्टँडपर्यंत जातो असं पोरं म्हणायची. नाव पुकारलं गेलं आणि टाळ्या पडल्या. सव्वीस जानेवारीच्या मनोऱ्यात कोण कुठल्या थराला, हे परिपाठ संपल्यावर जाहीर व्हायचं आणि वरच्या थराचं नाव सगळ्यात शेवटी. आमच्या शाळेत त्या नावाला स्कॉलरशिपपेक्षा जास्त टाळ्या मिळायच्या.

मी दहावीच्या मुलींच्या रांगेत उभी होते. बाला सातवीच्या रांगेत, पुढून दुसरा, कारण उंचीने तो पाचवीत शोभावा असा. सगळी शाळा त्याच्याकडे बघत होती आणि तो मान वळवून माझ्याकडे बघत होता. शेजारची सुनंदा मला कोपर मारून म्हणाली, "कांचे, भाऊ हिरो झाला की गं तुझा!" मला हसू आलं नाही. त्याच्या आधी सरांनी मधल्या थराची नावं वाचली होती आणि त्यातलं पहिलं नाव संग्रामचं होतं. म्हणजे माझ्या भावाने ज्या खांद्यावर पाय ठेवून उभं राहायचं, तो खांदा संग्रामचा.

हा संग्राम कोण ते सांगते. नववीतला. कबड्डीत तालुक्याला नाव काढलेला, दिसायला राजबिंडा, मोठ्यांशी बोलताना अहो-जाहोशिवाय बात नाही. कुणाच्या घरी लग्नकार्य असलं की हा न बोलावता पाण्याची पिंपं उचलायला हजर. असा मुलगा आपल्या पोटी यावा असं वाटलं नसेल अशी बाई त्या गावात सापडली नसती. माझ्या आईलाही वाटलं होतं, आणि तिने ते बालासमोर बोलून दाखवलं होतं.

आम्ही त्या गावचे नव्हतो. अप्पा वीज मंडळात लाईनमन. उदगीरकडून त्यांची बदली झाली आणि जूनमध्ये आम्ही सांगलीच्या बाजूच्या त्या गावात बिऱ्हाड टाकलं. माणसं चांगली होती, पाणी गोड होतं, भाडं बेताचं होतं. अडचण एवढीच की आमच्याकडे 'करतोय' म्हणत नाहीत, 'करायलो' म्हणतात. 'जातोय' नाही, 'जायलो'. पहिल्याच दिवशी बाईंनी बालाला विचारलं, "काय करतोयस रे?" आणि तो म्हणाला, "काही नाही बाई, वही काढायलो." वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या दिवसापासून बालाजी हालगे हे नाव फक्त हजेरीपुरतं उरलं. बाकी सगळ्यांसाठी तो 'करायलो'.

मलाही हसल्या होत्या पोरी. पण मी तोंडाने फटकळ. चार दिवस एकेकीचा उद्धार केला आणि विषय मिटला. बाला माझ्यासारखा नव्हता. त्याला राग यायचाच नाही, नुसती लाज वाटायची.

मधल्या सुट्टीत संग्राम आणि त्याचे दोन सोबती पाण्याच्या टाकीमागे रिंगण करायचे. मध्ये बाला. कुणीतरी त्याच्या डब्यात मूठभर माती टाकायचा आणि संग्राम अगदी मायेने विचारायचा, "काय करायलास रे बाळा?" यावर त्याने मोठ्याने "काय नाही करायलो" म्हणायचं. म्हटलं की टाळ्या. नाही म्हटलं की मुतारीत कोंडायचं, घंटा होईपर्यंत. दिवाळीनंतर तो घरातही बोलेनासा झाला. आई म्हणायची, पोरगं मोठं व्हायलंय, लाजायलंय. एका संध्याकाळी मी आत गेले तर हा आरशासमोर उभा राहून हळू आवाजात घोकत होता, "करतोय. जातोय. खातोय." मला बघून एवढा दचकला, की जणू चोरी करताना सापडला. मांडीवर घेऊन बसले तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं, आणि तेही "आईची शपथ, कुणाला सांगू नको" म्हणत.

शपथ मी मोडली. दुसऱ्या दिवशी खेळाच्या सामानाच्या खोलीत जाऊन खराडे सरांना सगळं सांगितलं.

सरांवर माझा फार जीव होता. नुसता माझाच नाही, साऱ्या शाळेचा. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "कोण कोण आहेत?"

"संग्राम. आणि त्याच्याबरोबरचे दोघं."

"संग्राम?" हातातला चेंडू त्यांनी खाली ठेवला. "पोरगं वाईट नाही गं ते. अंगात रग आहे, तिला वाट मिळत नाही."

"सर, त्यांना मारू नका. तुम्ही मारलं तर ते त्याला..."

"मारतोय कशाला? छडीनं कुणी कुणाचा मित्र झालाय का आजवर? माझं औषध वेगळं आहे. तू आता निर्धास्त हो. घरी जाऊन अभ्यास कर."

सरांचं औषध सगळ्या शाळेला ठाऊक होतं, फक्त आम्ही नवे म्हणून मला ठाऊक नव्हतं. दोन पोरांचं वाकडं असलं की सर त्यांना एकाच मनोऱ्यात घालायचे, एक खाली, एक वर. भावकीत कोर्टकचेऱ्या चालू असलेल्या दोन घरची पोरं त्यांनी अशीच उभी केली होती आणि ती पोरं पुढे एका ताटात जेवली, असं ते छाती फुगवून सांगायचे. आपल्या खांद्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुणी पाडू शकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. भांडणाऱ्या पोरांच्या बाबतीत ती खरी असेलही. पण बालाचं कुणाशी भांडण नव्हतं. भांडायला दोघं लागतात.

सराव शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला व्हायचा. तिथली माती कुदळीने उकरून भुसभुशीत केलेली. खाली दहावीतल्या दांडग्या पोरांचं कडं, त्यांच्या खांद्यावर संग्राम आणि त्याचे दोन सोबती, आणि त्यांच्या खांद्यावर बाला. वर गेल्यावर कमरेला खोचलेला छोटा झेंडा काढून फडकवायचा, भारत माता की जय म्हणायचं आणि सरांची शिट्टी झाली की उतरायचं. आम्हा मुलींचं लेझीम पलीकडेच चालायचं, त्यामुळे मला सगळं दिसायचं.

चढताना काही व्हायचं नाही. वर असतानाही नाही. तेव्हा सगळे बघत असायचे. जय म्हणून झालं, टाळ्या झाल्या, सर वहीत बघायला वळले, की उतरताना बालाचा पाय संग्रामच्या खांद्यावर यायचा आणि तो खांदा एवढासा खाली जायचा. बाला दोन माणसांच्या उंचीवरून मातीत आपटायचा.

"पाय घसरला सर त्याचा!" सगळ्यात आधी संग्रामच ओरडायचा, उडी मारून खाली यायचा, त्याला उचलायचा, चड्डीची माती झटकायचा. कानाशी लागून काहीतरी बोलायचा. सर म्हणायचे, "शाब्बास रे संग्राम. चल बाला, उठ. पडलास तर पडलास. पुन्हा चढ."

"तो कानात काय म्हणतो रे?" मी घरी विचारलं.

"काय नाही."

"बाला."

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्हणतो, आत्ता काय करायलास? आन् म्हणतो, इथं माती हाय म्हणून वाचलास. सव्वीसला झेंड्याम्होरं फरशी असती."

ते खरं होतं. कार्यक्रम मैदानावर नसायचा, ध्वजस्तंभासमोरच्या चौकात असायचा आणि त्या चौकात सगळी शहाबादी फरशी.

मी पुन्हा सरांकडे गेले. या वेळी ते स्टाफरूमच्या दारात उभे होते आणि घाईत होते.

"सर, तो मुद्दाम पाडतो. मी डोळ्यांनी बघितलंय."

"कांचन, मी वीस वर्षं मनोरे लावतोय. मुद्दाम पाडलेलं मला कळणार नाही?"

"तुम्ही तेव्हा वहीत बघत असता सर."

सरांना ते लागलं असावं. पण ते चिडले नाहीत, उलट माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बहिणीची माया आहे, मला कळतं. पण आत्ता त्याला खाली घेतला तर तो जन्मभर खालीच राहील. आणि पोरं त्याला काय म्हणतील? भित्रा म्हणतील. थोडा धीर धर. हीच पोरं उद्या त्याच्यासाठी जीव टाकतील बघ."

माणूस वाईट असता तर मी भांडले असते. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी तर आनंदीआनंद. आईने बालासाठी पांढरी चड्डी-बनियन आणून ठेवलेलं. अप्पा ऑफिसभर सांगत सुटलेले, "आमच्या घराण्यात वर चढायला कुणी भीत नाही." एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि तिथेच बसले.

"अप्पा, तुम्ही खांबावर चढता तेव्हा लाईन कोण बंद करतंय?"

"सबस्टेशनवरचा माणूस. कशाला?"

"त्यो तुमच्यावर दात धरून असंल तर? तुम्ही वर असताना त्यानं हसत हसत लाईन सोडली तर? चढाल तुम्ही?"

अप्पांचा कप तोंडाशी थांबला. "सरळ बोल. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. शपथ तर आधीच मोडली होती, आता तिचे तुकडे मोजून काय उपयोग. अप्पांनी चहा तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून परस्पर शाळेत गेले. तो दिवस मी देव पाण्यात घालून बसले होते.

रात्री जेवताना अप्पांचा चेहरा उजळलेला. "कांचन, तू उगं कुणाच्या लेकराला नाव ठेवायलीस. मी गेलो तर त्या पोरानं मला लांबून बगितलं, पळत आला, खुर्ची आणून दिली. 'बसा काका' म्हणाला. आन् बालाला खाली कसं घेतलंय म्हणतीस, गणपती उतरवावा तसं!"

"तुमच्या देखत कसा पाडंल अप्पा?"

"बास. पोरगं पडलं म्हणून काय झालं? मी नाही पडलो का खांबावरून?"

बाला मान खाली घालून भाकरी कुस्करत होता. आई आत गेल्यावर तो माझ्याकडे न बघताच बोलला. "अप्पा गेल्यावर लई पाडले आज. अक्का, आता कुणाला सांगू नको. तू सांगितलीस की वाढायलंय."

मग माझं डोकं चालेनासं झालं. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं होतं. मुख्याध्यापकांकडे जावं तर ते म्हणणार, खराडे सरांना सांग. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असं अभद्र बोलू नको गं बाई, आपण परमुलखात हाव." राहिला कोण? राहिला तो एकच.

शाळा सुटल्यावर संग्राम टाकीच्या नळावर पाय धूत होता. सोबत ते दोघं होते. मी जाऊन समोर उभी राहिले. मी दहावीत, तो नववीत. आमच्या शाळेत मुली मुलांशी असं जाऊन बोलायच्या नाहीत.

"काय ताई?" तो म्हणाला. 'ताई' म्हणताना त्याचा आवाज मधात बुडवलेला असायचा.

"बालाला सोड."

"आम्ही कुठं धरलाय? वरच्या थराला घेतलाय की त्याला. मान आहे त्यो."

"तू त्याला पाडतोस. मला माहितीय."

"असं कसं बोलताय ताई? तुमच्या वडलांनी बघितलंय, सरांनी बघितलंय." तो हसला, ओरडला नाही की वाकडं बोलला नाही. "भीती वाटत असंल तर सांगा की सरांना, भाऊ घाबरतोय म्हणून. आम्ही सगळ्या शाळेला सांगू, करायलो पळायलाय म्हणून."

दोघं खिदळले. माझ्या तोंडात शिव्या होत्या, चांगल्या निवडक. त्या गिळल्या. मी म्हटलं, "संग्राम, सव्वीस तारखेला खाली फरशी असते. त्याला काही झालं तर माझी आई जगायची नाही. मी तुझ्या पाया पडते."

"मग पडा की," तो म्हणाला.

तो गमतीत म्हणाला असणार. मी वाकले. त्याच्या ओल्या पायांना हात लावून मी नमस्कार केला, देवळात करतात तसा. वर बघितलं तेव्हा तो हसत नव्हता. क्षणभर त्याचा चेहरा नुसत्या पोराचा झाला होता, काय करावं न कळणाऱ्या. पण बाकीचे दोघं बघत होते ना! त्याने पाय मागे घेतला आणि म्हणाला, "सव्वीसला बघू."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेत झालं. करायलोची बहीण संग्रामच्या पाया पडली. मुली मला बघून कुजबुजायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच नाही. वाटलं ते बालाचं. तो माझ्यासोबत घरी यायचा बंद झाला. पुढे पुढे चालायचा, दप्तर पाठीला घट्ट आवळून, आणि मी हाक मारली की वेग वाढवायचा.

सव्वीस तारखेला सकाळी मात्र तो वेगळाच होता. आपणहून उठला, आंघोळ केली, आईने केलेला शिरा दोनदा मागून घेतला. आईने काजळाचं बोट लावलं तरी कुरकुर केली नाही. जाताना अप्पांच्या पाया पडला. दारात थांबून मला म्हणाला, "अक्का, भिऊ नको. आज नीट होईल सगळं." मला वाटलं, पोरगं निबर झालं. एवढं सोसून कुणीही होईल.

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. गावकरी, अंगणवाडीच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. मंडपात खुर्च्यांवर पाहुणे, फेटे बांधलेले. अप्पा ड्युटीचा खाकी शर्ट सोडून पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेमागे उभे. झेंडावंदन झालं, संचलन झालं, आमचं लेझीम झालं आणि आम्ही पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेघेवर एका बाजूला उभ्या राहिलो. मग खराडे सर पुढे आले. शिट्टी झाली.

खालचं कडं बसलं. मधला थर चढला. कडं हळूहळू उभं राहिलं. मग बाला धावत आला, एका पाठीवर पाय, एका खांद्यावर गुडघा, सरसर वर. इतका सुंदर तो कधीच चढला नव्हता. वर जाऊन सरळ उभा राहिला. झेंडा काढला. त्याचा किरटा आवाज साऱ्या चौकात घुमला, "भारत माता की..." आणि सगळं गाव म्हणालं, "जय!" आईने पदराने डोळे पुसलेले मला लांबून दिसले.

टाळ्या ओसरल्या. निवेदकाने पाहुण्यांची ओळख सुरू केली, माना मंडपाकडे वळल्या. सरांची उतरायची शिट्टी झाली. माझे डोळे संग्रामच्या खांद्यावर खिळलेले.

बाला उतरला नाही.

तो तसाच उभा. झेंडा कमरेला खोचलेला, हात दोन्ही बाजूंना मोकळे. पुन्हा शिट्टी झाली. "उतर की लेका," संग्राम खालून म्हणाला, त्याचे पाय थरथरायला लागले होते. बाला संग्रामकडे बघतच नव्हता. तो मंडपाकडे बघत होता, लोकांकडे बघत होता आणि मग खाली, मनोऱ्याच्या पुढे, उघड्या फरशीकडे.

मला एवढंच कळलं की तो भ्यालाय. हातातलं लेझीम कधी पडलं कळलं नाही. रेघ ओलांडून मी धावले आणि तो जिथे बघत होता त्या फरशीवर जाऊन उभी राहिले, दोन्ही हात वर करून.

"बाला! मी हाव खाली! माझ्याकडं बग!"

निवेदक थांबला. कुठूनतरी हसू फुटलं आणि सगळ्या चौकात पसरलं. "कांचन! बाजूला हो!" सर धावत आले. खालच्या कड्यातला कुणीतरी दात आवळून म्हणाला, "ए बाई, हल की, जीव चाललाय आमचा."

"नाही हलणार," मी म्हटलं. "त्याला माझ्याकडं बगू द्या."

बालाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आजही भीती म्हणू शकत नाही. तो खाली बसला, संग्रामच्या डोक्याला दोन्ही हातांनी धरून, आणि सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडायला लागला. मग उतरला. संग्रामने खांदा हलवला नाही. उलट दोन्ही हातांनी धरून त्याला खाली दिला, अलगद. काहीही झालं नाही. सगळ्यांनी बघितलं की काहीही झालं नाही.

घरी आल्यावर अप्पांनी जन्मात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "परमुलखात असं येड्यासारखं..." आणि वाक्य अर्धं टाकून आत गेली. अप्पा सरांची माफी माग म्हणाले. मी मागितली नाही. मी उंबऱ्यावर बसून राहिले. बाला माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. किती दिवसांनी.

ऊन उतरलं तेव्हा खराडे सर आले. हातात लाडवांचा पुडा, बालाच्या वाट्याचा. आईने घाईघाईने चटई टाकली, चहा टाकला.

"हालगे, मी रागावून नाही आलो," सर म्हणाले. "उलट मला पोरीची काळजी वाटते. तिच्या मनात भीती घर करून बसलीय. ती आधी काढली पाहिजे." मग ते बालाकडे वळले. "बाळा, तूच सांग आता अक्काला. आज संग्रामनं काही केलं का?"

"नाही सर."

"खांदा हलवला?"

"नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं, इतक्या मायेने की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. सगळं संपलं होतं. उद्यापासून टाकीमागे पुन्हा रिंगण होणार होतं आणि आता माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती.

"त्यानं काय केलं नाही," बाला म्हणाला. "मीच पडणार होतो."

"म्हणजे?" अप्पा म्हणाले.

"मीच वरून उडी टाकणार होतो. फरशीवर."

आईच्या हातातली बशी खाली आली. फुटली नाही, नुसती गरगरत राहिली. कुणी ती थांबवली नाही.

"कशाला रे माझ्या राजा?"

बाला लाडवांच्या पुड्याच्या दोऱ्याकडे बघत होता. "मातीत पडल्यावर कुणी इचारत नाही. आज सगळे बगायले होते. पाव्हणे होते, अप्पा होते, सगळं गाव होतं. तिथं पडलो असतो तर कुणीतरी इचारलं असतं, ह्ये पोरगं का पडलंय म्हणून." तो थांबला. "मग अक्का खाली येऊन हुबारली. हात वर करून. तिच्या अंगावर पडलो असतो."

चौकातलं सगळं हसू माझ्या कानात अजून होतं, आणि ते बंद झालं.

एसटी स्टँडपर्यंत जाणारा सरांचा आवाज चटईच्या कडेपर्यंतच आला. "अरे पण... मला का नाही सांगितलंस बाळा?"

"अक्कानं सांगितलं होतं की सर," बाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तो नुसतं झालेलं सांगत होता. "मग तुम्ही मला वर चढवलात."

सरांनी कप चटईवर ठेवला. त्यांचा हात कपावरच राहिला. अप्पा उठले, मला वाटलं बाहेर जातील, पण ते येऊन बालासमोर जमिनीवर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून सांग. कोण, कुठं, काय. मी ऐकायलो."

बालाने एकदा सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. मग तो बोलायला लागला, जूनपासून, वही काढायच्या दिवसापासून. आधी अडखळत, मग भराभरा, मध्येच मागे जात, विसरलेलं आठवून परत सांगत. डब्यातली माती, मुतारीची कडी, कानातलं बोलणं. मला माहीत नव्हतं असंही पुष्कळ होतं. आईने मध्ये उठून दिवा लावला. बाला सांगतच होता, आणि खराडे सर उठले नाहीत.